घोडे घेऊन डोंगरावर जायचं? बारामती-इंदापूरच्या घोडेवाल्यांनी आधी काय पाहावं

"सर, माथेरानला घोडे घेऊन जावं म्हणतोय. तुमचं काय मत?" हा प्रश्न बारामती आणि इंदापूर भागात आता बऱ्याच घरांतून निघतो. कुणी माथेरान म्हणतं, कुणी महाबळेश्वर, कुणी पाचगणी. विचारणारे बहुतेक आपल्याच समाजातले असतात. कुणाच्या आजोबांचा टांगा होता, कुणाच्या वडिलांनी वरातीला घोडा द्यायला सुरुवात केली, कुणाचं घराणं नालबंदांचं. आम्ही शिक्षक, घोड्यांचे व्यापारी नव्हे. पण दाखला मागायला पालक शाळेत येतात, तेव्हा हा विषय आमच्यासमोर येतोच. गेलेली पोरं कधी परत येतात, कधी येत नाहीत. म्हणून याबाबतची माहिती आम्ही एका जागी मांडत आहोत. निर्णय ज्याचा त्याने करायचा आहे, पण तो ऐकीव गोष्टींवर होऊ नये.

एक गोष्ट आधीच सांगतो. डोंगरावरचं गाव निवडताना लोक सीझन पाहतात. दिवाळीची गर्दी, मे महिन्याची गर्दी, एका फेरीचे पैसे. पण कमाईच्या महिन्यांपेक्षा आधी पावसाळ्याचे चार महिने पाहायला हवेत. त्या चार महिन्यांत घोडा कुठं उभा राहणार, काय खाणार आणि पोरं कुठल्या शाळेत बसणार, याचं उत्तर ज्याच्याकडे आहे त्यानेच पुढचा विचार करावा.

हा प्रश्न आत्ताच का उठला?

टांगा गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. स्टँडवर रिक्षा आल्या आणि टांग्याचा अड्डा हळूहळू मोडला. उरलं ते वरातीचं काम, उर्स-संदलच्या मिरवणुका, जत्रा आणि शर्यती. वरातीचं काम लग्नसराईपुरतं. त्यातही आता नवरदेव सजवलेल्या मोटारीतून येतो. मुंबईत तर 8 जून 2015 रोजी उच्च न्यायालयाने हौसेच्या फेऱ्यांसाठी चालणाऱ्या घोडागाड्या, म्हणजे व्हिक्टोरिया, बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. म्हणजे शहराकडे जायची वाटही अरुंद झाली.

दुसरीकडे वैरण महाग झाली. नीरा डाव्या कालव्याखाली सगळीकडे ऊस. पूर्वी जिथं ज्वारी असायची आणि तिच्यामागे कडबा मिळायचा, तिथं आता उसाचे वाढे मिळतात. वाढे गायी-म्हशींना चालतात म्हणून घोड्यालाही तेच टाकलं जातं. वाढ्यांमध्ये ऑक्झलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम अडवतं. महिनोन् महिने घोडा नुसत्या वाढ्यांवर ठेवला तर त्याची हाडं कमजोर होतात. म्हणजे गावात राहूनही घोडा नीट पोसणं सोपं राहिलेलं नाही. डोंगर डोळ्यांसमोर येतो तो यामुळेच.

आपल्याकडचा घोडा कोणता?

डोंगरावर जाण्याआधी आपल्या दावणीला काय बांधलं आहे हे ओळखावं. आपला भाग म्हणजे भीमथडी, भीमेच्या काठचा मुलूख. जुन्या पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाच होता. इथल्या तट्टांना भीमथडी तट्टू म्हणतात. बंदरांवरून येणारे अरबी-तुर्की घोडे आणि इथली काटक तट्टं यांच्या संकरातून ही जात घडली, असं मानलं जातं. मराठ्यांच्या घोडदळाचा मोठा भाग अशाच घोड्यांवर होता. अलीकडे करनालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, झंस्कारी, स्पिती, भुटिया आणि मणिपुरी या सातांनंतरची ही आठवी.

हे तट्टू उंचीला लहान, खुराला मजबूत आणि थोड्या वैरणीवर निभावणारं आहे. खडकाळ चढावर ते चालतं यात शंका नाही. पण ते पावसाच्या सावलीतल्या मुलखाचं जनावर आहे. बारामती-इंदापूरला वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माथेरानला आणि महाबळेश्वरला तो काही हजार मिलिमीटर पडतो, म्हणजे आपल्यापेक्षा आठ-दहा पट. उंचीचा किंवा थंडीचा घोड्याला फारसा त्रास नसतो. त्रास ओलीचा असतो.

अनेकांकडे मारवाडी किंवा काठियावाडी घोडे आहेत. सारंगखेड्याच्या किंवा अकलूजच्या घोडेबाजारातून वरातीसाठी आणलेले, उंच, देखणे, नाचायला शिकवलेले. डोंगरावरच्या कामाला अशा घोड्याचा उपयोग कमी. दिवसभर अनोळखी माणसं पाठीवर घेऊन, उतारावर शांतपणे चालणारं जनावर तिथं लागतं. ढोलाच्या तालावर उभा राहणारा घोडा पर्यटकाच्या लहान मुलाखाली उभा राहिला, तर काय होईल ते सांगायला नको.

माथेरान: मोटार नाही म्हणून घोडा आहे

तीन ठिकाणांपैकी घोड्यावर खऱ्या अर्थाने चालणारं गाव माथेरानच. 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट इथं चढून गेले आणि पुढे साहेब लोकांची वस्ती झाली. नेरळहून वर जाणारी छोटी रेल्वे 1907 मध्ये सुरू झाली. ती सरकारने बांधलेली नव्हती. मुंबईचे बोहरा व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःचा पैसा घालून ती उभी केली. आपल्या पोरांना हे माहीत असायला हवं.

4 फेब्रुवारी 2003 रोजी केंद्र सरकारने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलं. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून पुढे पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षाने जायचं, अशी रीत होती. परवानाधारक घोडे साधारण 460 आणि हातरिक्षा 94, असे आकडे बातम्यांत नेहमी येतात. हॉटेलचा किराणा, सिलिंडर आणि बांधकामाचं सामानसुद्धा घोड्यांच्या पाठीवरून जातं.

पण गेल्या काही वर्षांत तिथलं चित्र हललं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर 2022 मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. पुढे त्यांची संख्या 20 पर्यंत मर्यादित ठेवली गेली. 6 ऑगस्ट 2025 रोजी न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचं पुनर्वसन करा, असा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढू नये, हे बरोबरच आहे. पण घोडेवाल्याने त्यातून एवढं समजून घ्यावं की दस्तुरी नाक्यापासून गावापर्यंतची वाट ई-रिक्षांकडे सरकते आहे. यापुढे घोड्याची कमाई मुख्यतः पॉइंट फिरवण्यावर आणि मालवाहतुकीवर राहील.

आणखी एक घटना लक्षात ठेवावी. मार्च 2025 मध्ये माथेरानमधल्या लोकांनी गाव बंद ठेवलं. दस्तुरी नाक्यावर पर्यटकांना खोटी माहिती देऊन फसवलं जातं, ही त्यांची तक्रार होती आणि तिचा रोख एजंटांसोबत काही घोडेवाल्यांवरही होता. चार जणांच्या वागण्याचा डाग सगळ्यांना लागतो. बाहेरून नवा आलेला माणूस अशा वेळी आधी संशयात येतो, त्यात आपलं नाव वेगळं असेल तर जास्तच. दर ठरलेला घ्यावा, पावती द्यावी, गोड बोलावं. हे धंद्यासाठीही लागतं आणि इज्जतीसाठीही.

महाबळेश्वर-पाचगणी: जवळ, पण घोडा हौसेपुरता

बारामतीहून हे सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या टप्प्यात येतं. माथेरान दोनशेच्या पुढे. त्यामुळे आपल्या लोकांचा ओढा आधी इकडे असतो. पण इथं घोडा ही गरज नाही, ती हौस आहे. मोटार थेट पॉइंटपर्यंत जाते. वेण्णा तलावाकाठी किंवा पाचगणीच्या टेबललँडवर पर्यटक दहा-पंधरा मिनिटांची फेरी मारतो, फोटो काढतो आणि उतरतो. मिळकत सगळी गर्दीवर.

हा भागही 17 जानेवारी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. नवी शेड, नवा तबेला उभारायचा तर परवानगी लागते. शिवाय घोड्यांच्या लिदीने पाणी दूषित होतं, ही तक्रार या भागात जोर धरते आहे. ती निव्वळ त्रास देण्यासाठी केलेली तक्रार समजू नये. घोडा दिवसाला दहा-पंधरा किलो लीद टाकतो. पावसात ती वाहून तलावात गेली तर तेच पाणी गाव पितं. लीद कुठं साठवणार आणि कोणत्या शेतकऱ्याला खत म्हणून देणार, याची सोय ज्याने आधी लावली असेल त्याला तिथं कुणी हटकणार नाही.

परवाना आधी, घोडा नंतर

सगळ्यात जास्त फसगत इथं होते. कुणी ओळखीचा म्हणतो, "ये, माझ्या नावावर चालव." आपण घोडा टेम्पोत घालून निघतो. दोन महिन्यांनी कळतं की परवाना त्याचा, जागा त्याची, आपण नुसते चालक. कमाईचा मोठा वाटा त्याचा आणि घोडा आजारी पडला तर खर्च आपला.

म्हणून जाण्याआधी एकट्याने, घोड्याशिवाय तिथं जाऊन पाच गोष्टी विचाराव्यात. नगरपरिषद आणि पोलीस ठाणं यांपैकी घोड्याचा परवाना कोण देतं? नवे परवाने मिळतात की जुन्यांचीच बदली होते? रहिवासाची अट आहे का? घोडे उभे करायची ठरलेली जागा कोणती? अश्वपालांची संघटना नव्या माणसाला नंबरात घेते का? पाचांची उत्तरं तोंडी मिळाली तर वहीत लिहावीत, लेखी मिळाली तर उत्तम. पहिल्याच प्रश्नाला "बघू, होईल" असं उत्तर आलं तर परत फिरावं.

चार महिने पाऊस

पावसाळ्यात माथेरानचा धंदा बसतो. नेरळहून वर येणारी गाडी बंद असते, फक्त अमन लॉज ते माथेरान अशी छोटी फेरी चालते. पॉइंटच्या वाटा निसरड्या होतात. बरेच अश्वपाल घोडे खाली उतरवतात.

जो घोडा वर राहतो त्याच्या खुरांना सतत ओल लागते. खुराचा तळ मऊ पडतो, मधल्या भागात कुजकट वास येतो, घोडा लंगडतो. केस ओले राहिले की त्वचेवर खपल्या धरतात. भिजलेली, बुरशी आलेली वैरण पोटात गेली की पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही हे लक्षात ठेवावं, त्याचा पोटशूळ जिवावर बेततो. पाऊस सरता सरता माशा वाढतात आणि माश्यांमधून सर्रा पसरतो. ताप येतो-जातो, घोडा खात असूनही वाळत जातो.

मग वर राहायचं तर काय हवं? उंच जोत्याचा, पक्क्या छताचा, दोन बाजूंनी वारा खेळणारा तबेला. जमिनीवर उतार आणि कोरडा पेंढा. चार महिन्यांची वैरण आधीच वर नेऊन झाकून ठेवलेली. आणि हाकेच्या अंतरावर पशुवैद्यक. यातलं एक जरी नसलं तरी जूनच्या आधी घोडा खाली आणणंच शहाणपणाचं.

वैरण-पाण्याचा हिशेब

अडीचशे-तीनशे किलोच्या तट्टाला रोज पाच-सहा किलो कोरडा चारा लागतो. वर्षाला तो साधारण दोन टन होतो. काम जास्त असेल तर वर चंदी, म्हणजे हरभरा, कोंडा, भरडा. पाणी बसल्या जागी वीस-पंचवीस लिटर, उन्हात कामावर असेल तर त्याच्या दुप्पट.

बारामतीत कडब्याची गाडी दारात येते. माथेरानात ती दस्तुरीला थांबते आणि तिथून चारा पुन्हा जनावराच्या पाठीवरून न्यावा लागतो. त्यामुळे तिथली पेंढी इथल्या पेंढीच्या भावात पडत नाही. हिशेब मांडताना घोडा 365 दिवस खातो आणि कमावतो फक्त सीझनला, हे विसरू नये. वहीच्या डाव्या पानावर वर्षाचा खर्च लिहावा: चारा, चंदी, दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंदी, औषध, जागेचं भाडं, परवाना, टेम्पो. उजव्या पानावर कमाईचे खरे दिवस मोजावेत: दिवाळीची सुट्टी, नाताळ, एप्रिल-मे आणि वर्षातले शनिवार-रविवार. उजवं पान भरताना हात आखडता घ्यावा, डावं भरताना सढळ ठेवावा.

सीझन एका दिवसात उठतो, हेही आपण पाहिलं आहे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पर्यटनाची सगळी गावं ओस पडली. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगाममध्ये हल्ला झाला. पर्यटकांना वाचवायला गेलेला घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाह त्यात मारला गेला आणि काश्मीरच्या हजारो घोडेवाल्यांचा ऐन सीझन संपला. पुढच्याच महिन्यात केदारनाथच्या वाटेवर दोन दिवसांत 14 घोडे-खेचरं मेल्यावर तिथली घोडेवाहतूक थांबवण्यात आली. घरात तीन-चार महिन्यांच्या चाऱ्याचे पैसे बाजूला नसतील तर अशा वेळी घोडा कवडीमोलाने विकावा लागतो.

कागद आणि कायदा

घोडा हलवायचा तर पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला लागतो. ग्लँडर्सची तपासणी आधी करून घ्यावी. हा रोग 2006 पासून महाराष्ट्रात पुन्हा आढळला. तो माणसालाही होतो आणि त्यावर लस नाही. रोगी ठरलेलं जनावर 2009 च्या कायद्यानुसार मारावं लागतं आणि आसपासच्या घोड्यांची ये-जा थांबते. मुंबई-पुण्याच्या एका आजारी घोड्यामुळे आख्ख्या गावाचा धंदा बसू शकतो. म्हणून तपासणीला घाबरू नये, उलट शेजारच्यालाही करायला लावावी.

टेम्पोत नेताना तळाला घसरू नये असं काही अंथरावं, दोन जनावरांमध्ये बांबू बांधावेत, एका गाडीत चार ते सहाच्या वर घोडे घालू नयेत आणि सोबत माणूस असावा. गाभण घोडी आणि शिंगरं वेगळी न्यावीत. गाडी ताशी 35 किलोमीटरच्या वर नेऊ नये, असं नियमच सांगतो. म्हणजे माथेरानचा प्रवास एका दमात होत नाही. वाटेत पाण्याचा आणि विश्रांतीचा मुक्काम ठरवूनच निघावं.

ओझ्याचंही ठरलेलं आहे. 1965 च्या नियमांत तट्टावर लादायची मर्यादा 70 किलो आहे. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावं, असं जाणकार सांगतात. तीनशे किलोच्या भीमथडीला हे साठ किलो होतात. नव्वद किलोचा पर्यटक दुप्पट पैसे देतो म्हणाला तरी नाही म्हणायची हिंमत हवी. मुक्या जनावराचा हक्क आपल्याला लहानपणापासून शिकवलेला आहे, तो नव्याने सांगायची गरज नाही.

पोरांची शाळा

आता आमच्या कामाचं. पाहणी करायला गेलेला बाप मशीद कुठं आहे ते विचारतो, कब्रस्तान विचारतो, भाड्याची खोली विचारतो. शाळेचं मात्र "बघू नंतर" असतं.

शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या मुलाला दुसऱ्या शाळेत बदली घेण्याचा अधिकार आहे. मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा असतो आणि दाखला उशिरा आला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. हे पालकांनी पाठ करून ठेवावं. पण प्रवेश मिळणं आणि पोरगं टिकणं यांत फरक आहे. उर्दू माध्यमात पाचवीपर्यंत शिकलेली मुलगी एकदम मराठी माध्यमात बसली की गणित येत असूनही प्रश्न कळत नाही. दोन महिन्यांत ती गप्प होते, सहा महिन्यांत घरी बसते. मुलगा तर त्याआधीच लगाम धरून पॉइंटवर उभा असतो. तिथं रोज हातात रोख पैसे येतात आणि पैसे हातात आलेलं पोरगं वर्गात परत येणं फार अवघड.

म्हणून जायचंच असेल तर तिथं उर्दू माध्यमाची शाळा कितवीपर्यंत आहे ते आधी पाहावं. नसेल तर मुलांना दोन्ही भाषा लिहिता-वाचता येईपर्यंत हलवू नये. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, बदली करायची तर तेव्हाच करावी. आठवी ते दहावीच्या मुलांना मधेच उचलू नये. थोड्या महिन्यांसाठी जायचं असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं, म्हणजे पोरगं तिथल्या शाळेत बसू शकतं आणि इथलं नाव कटत नाही.

धनगरांकडून शिकण्यासारखं

या सगळ्याला एक उत्तर आपल्याच तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. बारामती, इंदापूर, फलटण भागातले मेंढपाळ धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात. त्यांचा बिऱ्हाडाचा पसारा, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, सगळं भीमथडी घोड्यांच्या पाठीवर असतं. पाऊस लागायच्या आत ते घाट चढून माघारी येतात, कारण कोकणचा पाऊस मेंढराला आणि घोड्याला मानवत नाही. आपण रोज पाहतो म्हणून त्यातलं शहाणपण दिसत नाही. घर गावात ठेवायचं आणि हंगामापुरतं जनावर हलवायचं.

घोडेवाल्या कुटुंबालाही हीच रीत जमू शकते. ऑक्टोबरच्या अखेरीस घरातले एक-दोन कर्ते पुरुष दोन घोडे घेऊन वर जातील. दोन घोडे गावातच वरातीला आणि मिरवणुकीला राहतील. बायका-मुलं गावात, शाळा चालू. मुलांनी डोंगर पाहायचा तर दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत. जूनच्या आधी घोडे खाली. वेगळं राहण्याचा त्रास आहे, दोन चुली होतात, म्हाताऱ्या आई-वडिलांना एकटं वाटतं. हे खोटं नाही. पण एक हंगाम असा काढला की वहीतली दोन्ही पानं खऱ्या आकड्यांनी भरतात. मग कायमचं जायचं का, ते ठरवता येतं. घर विकून, दाखला काढून, सगळं बिऱ्हाड टेम्पोत घालून गेलेल्याला परत येणं फार जड जातं.

आणि न जाण्याचाही विचार करा

भीमथडीची नोंद झाल्यामुळे गावात राहूनही एक वाट उघडली आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांच्या पैदाशीचा समावेश केला. त्यात व्यक्ती, बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपनी यांना 50 टक्के भांडवली अनुदान आहे, कमाल 50 लाखांपर्यंत. पशुविम्यातला लाभार्थ्याचा हप्त्याचा वाटाही कमी होऊन 15 टक्के झाला. अनुदान कागदावर सोपं आणि हातात यायला अवघड असतं, हे आपल्याला माहीत आहे. पण चार घोडेवाल्यांनी मिळून अर्ज केला, चांगल्या भीमथडी घोड्या सांभाळल्या आणि शिंगरं अकलूज-सारंगखेड्याच्या बाजारात नेली, तर तो धंदा आपल्या मातीतला आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन चौकशी करायला पैसे लागत नाहीत.

दर आषाढात तुकोबांची पालखी आपल्या भागातून जाते. बेलवाडीच्या रिंगणात घोडा धावतो तेव्हा आपले लोकही कडेला उभे राहून पाहतात, कुणी पाणी वाटतं, कुणी वारकऱ्यांचे पाय चेपतं. या मुलखाला घोडा अजून हवा आहे. तो डोंगरावर न्यायचा की इथंच ठेवायचा, हे प्रत्येक घराने आपल्या वहीकडे पाहून ठरवावं. जाणाऱ्यांनी परवाना, पावसाळा आणि पोरांची शाळा या तीन गोष्टी पक्क्या केल्याशिवाय टेम्पो सांगू नये. अर्ज लिहायला किंवा शाळेच्या कागदांसाठी मदत लागली, तर आपल्या जवळच्या शाळेतल्या शिक्षकांना गाठा. संध्याकाळी शाळा सुटल्यावर या, घाईत दाखला मागायला येण्यापेक्षा ते बरं.